सहा डिग्री मागे

ताईने तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला, खिडकीपाशी नेला आणि भिंगाखाली धरला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणाहूनही बारीक असे चंदेरी ठिपके होते. पहिल्या नजरेत ते चमकीसारखे दिसत, पण ती चमकी नव्हती. आतला पिस्टन तापून कणाकणाने उडायला लागला की त्याचं अ‍ॅल्युमिनियम असं प्लगवर येऊन बसतं.

"काय आहे?" भुंग्याने विचारलं. तो गाडीच्या दाराला टेकून उभा होता.

"पिस्टन गेलाय."

"एकदम? दोनच तर फेऱ्या मारल्या काल."

ताईने प्लग ओळीने फडक्यावर मांडले आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलायला घेतलं.

हे वर्कशॉप त्यांच्या बाबांनी उभं केलं होतं. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायची, एवढंच काम. गेली दोन वर्षं ते ताईच्या हातात होतं. बाबांचे हात थरथरायला लागले होते, आणि एका गिऱ्हाइकाच्या इंजिनात त्यांच्याकडून एक बोल्ट नुसता हाताने फिरवलेला, न आवळताच राहिला होता. नशिबाने तो वेळेवर सापडला. त्या दिवशी ताई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "बाबा, आता तुम्ही कशाला हात लावू नका. नुसतं बघा." बाबा वर्कशॉपच्या वरच्या जुन्या घरात राहत. तेव्हापासून ते सकाळी आतल्या जिन्याने खाली येऊन स्टुलावर बसत, चहा पीत आणि खरंच नुसतं बघत.

भुंगा हा ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी जेवतानासुद्धा तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा, म्हणून हे नाव पडलं, आणि आता अडतीस वर्षांच्या दोन पोरांच्या बापाला सगळं गाव याच नावाने ओळखत होतं. इंजिन ताई बांधायची आणि गाडी भुंगा चालवायचा. जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर महिन्यातून दोन रविवारी सकाळी पाव मैलाच्या शर्यती व्हायच्या. त्यांची पिवळी गाडी तिथे सहसा पहिल्या तिघांत असायची.

हेड निघालं, मग पिस्टनही बाहेर आला. तिसऱ्या पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधला काठ बशीचा टवका उडावा तसा तुटला होता. ताईने बोट फिरवलं. धारदार लागलं.

"ठोका ऐकू आला नाही तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"इतकं इंजिन आतून बडवत होतं, खिळ्यांचा डबा हलवावा तसा आवाज येतो, आणि तुला ऐकूच आला नाही?"

"नाही म्हटलं ना," भुंगा म्हणाला आणि पुसायचं फडकं शोधायला गेला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

तो पाठमोरा झाला तेव्हा ताईची नजर डिस्ट्रिब्युटरवर गेली. ठिणगी कधी पडायची हे तो ठरवतो. बोल्ट सैल करून तो जरासा फिरवला की टायमिंग पुढे किंवा मागे होतं. टायमिंग लावून झाल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या बुडावर आणि खालच्या धातूवर सुईने एकच सरळ ओरखडा मारायची ताईची सवय होती. आता तो ओरखडा सरळ नव्हता. वरचा अर्धा भाग खालच्यापासून गव्हाच्या दाण्याएवढा सरकला होता.

तिने हिशेब केला. सहा डिग्री. बरोबर सहा.

बोल्ट मात्र घट्ट होता. म्हणजे तो आपोआप सरकला नव्हता. कुणीतरी पान्याने सैल केला होता, फिरवला होता आणि नीट आवळून ठेवला होता.

ताईने मान वळवून भुंग्याच्या पाठीकडे पाहिलं.

त्या सहा डिग्रींमागे गेल्या दोन महिन्यांची भानगड होती.

त्यांचं इंजिन जास्त दाबाचं होतं. पिस्टन वर येताना आतली हवा आणि पेट्रोल तेरा पट दाबायचा. रस्त्यावरच्या साध्या गाडीत हे नऊ-दहा पटींवर थांबतं. जास्त दाब म्हणजे जास्त ताकद, पण जास्त धोकाही. ठिणगी थोडी लवकर पडली किंवा पेट्रोल हलकं असलं, तर मिश्रण शिस्तीत जळायच्या ऐवजी फुटतं आणि पिस्टनवर हातोडे पडतात. अशा इंजिनाला भुंग्याला नायट्रस लावायचा होता. सगळे त्याला नुसतं गॅस म्हणतात. तो स्वतः जळत नाही, पण सोबत जास्तीचा प्राणवायू आणतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त पेट्रोल जाळता येतं. स्टीअरिंगखालचं बटण दाबलं की पाच-सहा सेकंदांसाठी जणू दुसरं इंजिन मदतीला येतं.

"आधीच तेरा पट दाब आहे, वर गॅस?" ताई म्हणाली होती. "उकळत्या भांड्यावर झाकण दाबून बसायचं म्हणतोस."

"म्हणून तर तुला विचारतोय. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

या वाक्याने ती विरघळली, हे तिला तेव्हाही कळलं होतं. तिने आठ दिवस कागदावर आकडेमोड केली. गॅसचं तोंड लहान ठेवलं, शंभर घोड्यांच्या जादा ताकदीपुरतं. थंड जातीचे, लवकर निवणारे प्लग घातले. पेट्रोल फक्त शर्यतीचं, सीलबंद पिंपातलं. आणि टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते, चौतिसावरून अठ्ठावीसवर आणलं. शंभर घोड्यांसाठी चार डिग्री मागे आणि इंजिनाचा दाब जास्त म्हणून आणखी दोन. गॅस आत आला की मिश्रण भराभर पेटतं, म्हणून ठिणगी उशिरा पडू द्यायची. या सहा डिग्रींवर सगळा खेळ होता.

यातलं काहीही बाबांना सांगितलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी बाबांनी बांधलेल्या एका इंजिनाला गिऱ्हाइकाने परस्पर गॅस लावला होता. इंजिन फुटलं, बॉनेट उडालं आणि त्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून बाबा म्हणायचे, माझ्या छपराखाली गॅस येणार नाही. "एक हंगाम जाऊ दे," ताईच भुंग्याला म्हणाली होती. "गाडी जिंकली की मी सांगेन त्यांना." गॅसची निळी बाटली डिकीत घोंगडीखाली असायची. एकदा बाबांनी विचारलंच, "डिकीत काय आहे गं ते?" ताई म्हणाली, "आग विझवायचं नळकांडं. नळी पुढे इंजिनापर्यंत नेलीय. आता नियम झालाय." बाबांनी मान हलवली होती.

आणि आता कुणीतरी टायमिंग पुन्हा बरोबर चौतिसावर नेऊन ठेवलं होतं.

ताईने तुटका पिस्टन कागदात गुंडाळला. वर्कशॉपच्या चाव्या कुणाकडे आहेत हे ती मनात मोजत होती. एक तिच्याकडे. एक भुंग्याकडे. तिसरी गॅसवाल्याकडे आठवडाभर होती, बाटली आणि नळ्या बसवायला आला तेव्हा. घरातून खाली येणारा जिना तिला आठवलासुद्धा नाही. ज्या पायऱ्यांवर लहानपणी गुडघे फोडून घेतले, तो रस्ता तिच्या लेखी दार नव्हताच.

भुंग्याला कारण होतं. अठ्ठावीसवर गाडी गॅस सुरू होईपर्यंत सुस्त वाटायची. पहिल्याच दिवशी तो कुरकुरला होता, "सुरुवातीला गाडी अंगात ताप असल्यासारखी निघते गं. दोन-तीन डिग्री तरी पुढे घे ना." ती नाही म्हणाली होती. मग त्याने स्वतःच घेतलं असेल. पुढे काय होणार हे माहीत असून.

दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "डिस्ट्रिब्युटरला हात लावला होतास का रे?"

"मी? छे."

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. "आठवून बघ. शुक्रवारी, शनिवारी?"

"ताई, मी नाही म्हटलं."

तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा भुंग्याने हातातला मायक्रोमीटर पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाला, "तुला काय म्हणायचंय ते एकदा स्पष्ट म्हण."

"काही नाही. विचारतेय."

"तीनदा?"

त्यानंतर तिने त्याच्याकडे पाहायची पद्धत बदलली आणि ते त्याला कळलं. तो पेट्रोल ओतायला लागला की ती पिंपाचं सील तपासायची. तो पाना घेऊन गाडीपाशी गेला की तिला तिकडेच काहीतरी शोधायचं असायचं.

वर्कशॉप दुपारी एक ते तीन बंद असायचं. ताई दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी जेवायला जायची, भुंगा त्याच्या घरी. एका दुपारी परत येताना समोरच्या केशकर्तनालयाच्या मालकाने तिला दारातूनच हाक मारली.

"ताई, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काम? मागच्या शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी अडीच वाजता तुमचं इंजिन असं ओरडलं की माझ्या गिऱ्हाइकाचा कान कापला असता."

ताई थांबली. "त्या शुक्रवारी? कोण होतं?"

"शटर खाली होतं, मला कोण दिसणार? पाचेक मिनिटं चाललं, मग गप्प."

ती शटर न उघडताच रस्त्यावर उभी राहिली. मग तिने भावजयीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "मागच्या शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी भुंगा जेवायला वेळेवर आला होता ना? मी त्याला उशिरा सोडलं होतं."

"शुक्रवारी आलेच नाहीत हो वन्सं," भावजय म्हणाली. "वर्कशॉपमध्येच काम आहे म्हणाले. का, काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. गेल्या आठवडाभरात ती हे 'काही नाही' किती वेळा म्हणाली होती कोण जाणे.

तरी तिने गॅसवाल्यालाही फोन केला. त्याची स्वतःची गाडी त्याच शर्यतीत धावायची. चावी परत देण्याआधी त्याने दुसरी करून घेतली नसेल कशावरून?

गॅसवाला हसला. "ताई, तुमच्या तेरा पटीच्या इंजिनाला गॅस लावू नका हे मी आधीच सांगितलं होतं. आता पिस्टन गेला तर मी चोर?"

"मी चोर म्हटलं नाही."

"आवाजात आहे तुमच्या. बाहेर शोधण्याआधी घरात शोधा. टायमिंग पुढे घ्यायचा मोह गाडी चालवणाऱ्याला होतो. गॅस विकणाऱ्याला होत नाही."

हेच तिलाही वाटत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तिला त्याचा राग आला, आणि त्या रागाने भुंग्यावरचा संशय काही कमी झाला नाही.

तिने नवा पिस्टन बसवला. सिलिंडर घासून साफ केला. गुरुवारी संध्याकाळी भुंग्यासमोर टायमिंग लाइटचा झोत इंजिनाच्या फिरत्या पुलीवरच्या खुणेवर धरून अठ्ठावीस डिग्री लावली. "बघ. अठ्ठावीस," ती म्हणाली. "बघितलं," तो म्हणाला. तो गेल्यावर तिने मुलीच्या डब्यातून आणलेली लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि डिस्ट्रिब्युटर व त्याच्या बैठकीच्या सांध्यावर एक बारीक थेंब सोडला. वाळल्यावर तो ग्रीसच्या डागात दिसेनासा झाला. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरला तरी त्याला तडा जाणार होता.

स्वतःच्या भावासाठी सापळा लावतोय, हा विचार तिच्या मनात आला. तिने हात धुतले, जास्तच वेळ धुतले, आणि घरी गेली.

शुक्रवारी दुपारी भुंगा पुन्हा जेवायला घरी गेला नाही. हे तिला कळलं, कारण तिने भावजयीला पुन्हा फोन केला होता.

शनिवारी बाबा म्हणाले, "उद्या मीही येतो शर्यतीला. दोन वर्षं झाली बघून."

ताईने भुंग्याकडे पाहिलं. भुंगा म्हणाला, "या ना बाबा. खुर्ची घेऊन जाऊ." नंतर तिने त्याला बाजूला घेतलं. "बाबा येणार तर उद्या गॅस नको."

"बटण स्टीअरिंगखाली आहे. लांबून त्यांना काय कळणार?"

"तुला फारच घाई आहे गॅसची."

भुंगा बाबांची खुर्ची गाडीत ठेवायला निघून गेला.

रविवारी सकाळी धावपट्टीवर ऊन चढायच्या आधीच गाड्या लागल्या होत्या. काँक्रीटच्या भेगांतून गवत वर आलं होतं. बाबा घडीच्या खुर्चीवर टोपी घालून बसले होते, जुने लोक येऊन त्यांना भेटत होते. भुंगा हेल्मेट काखेत धरून टायरमधली हवा बघत होता. ताईने बॉनेट उघडलं, बॅटरीचा दिवा हातात घेतला आणि वाकली.

लाल थेंब मधोमध तडकला होता.

तिने टायमिंग लाइट जोडला. भुंग्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. "वाढव," ती ओरडली, "तीन हजारावर धर." झोतात पुलीवरची खूण स्थिर झाली. चौतीस.

"बंद कर!"

इंजिन थांबल्यावर तिचा आवाज फारच मोठा ऐकू आला. "आता तरी खरं सांगशील?"

"काय झालं?"

"चौतीस आहे. गुरुवारी तुझ्या डोळ्यांसमोर अठ्ठावीस लावलं. मी वर रंग लावला होता, तो फुटलाय. शुक्रवारी दुपारी तू घरी नव्हतास. मागच्या शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारीही नव्हतास, आणि त्याच दुपारी वर्कशॉपमध्ये इंजिन सुरू झालं होतं. मला वेडी समजतोस का?"

आजूबाजूची माणसं वळली. गॅसवाला दोन गाड्या सोडून उभा होता, तो हातातलं काम थांबवून बघू लागला.

भुंगा गाडीतून उतरला. "तू रंग लावलास," तो सावकाश म्हणाला. "माझ्यासाठी. आणि घरी फोन करून चौकशी केलीस."

"मग कुठे होतास ते सांग."

"नाही सांगणार."

"कारण सांगण्यासारखं काही नाहीच तुझ्याकडे! बटण दाबलं असतंस तर अर्ध्या रस्त्यात इंजिन फुटलं असतं, कळतंय का? तू आत असतास!"

"मी केलंय ते," बाबा म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून ते खुर्चीतून उठले आणि जवळ आले. "अगं, मी फिरवलंय ते. मागच्या वेळीही मीच."

ताई वळली.

"वर बसल्या बसल्या ऐकत होतो," बाबा म्हणाले. "इंजिन जड बोलत होतं. दुपारी खाली येऊन बघितलं, तर टायमिंग सहा डिग्री मागे. म्हटलं, पोरीचं चुकलं. कामाचा ताण असतो, होतं असं. तुला सांगितलं असतं तर भुंग्यासमोर तुला कमीपणा आला असता. आणि तू मला हात लावू नका म्हणाली होतीस. म्हणून गुपचूप बरोबर करून ठेवलं. परवा बघतो तर पुन्हा तेच. म्हटलं, पुन्हा कशी चुकली?" त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हातात धरला. "हात हलतो, पण एक बोल्ट जमतो अजून."

ताईने टायमिंग लाइट खाली काँक्रीटवर ठेवला.

"चुकलं नव्हतं बाबा," ती म्हणाली. "मुद्दाम मागे ठेवलं होतं."

"मुद्दाम? या इंजिनाला? कशासाठी?"

भुंग्याने जाऊन डिकी उघडली आणि घोंगडी बाजूला केली. बाबा डिकीपाशी गेले. निळ्या बाटलीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. वाकून त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, जोड पाहिला.

"आग विझवायचं नळकांडं," ते म्हणाले. एवढंच. परत जाऊन खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

भुंग्याने हेल्मेट बॉनेटवर ठेवलं. "गाडी तू घेऊन जा," तो ताईला म्हणाला. कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून तो निघून गेला. त्या दिवशी पिवळी गाडी धावली नाही.

सोमवारी तो कामावर आला नाही. मंगळवारीही नाही. आठवडा झाला, दुसरा झाला. सिलिंडर कातून घ्यायचं, बोअरिंगचं काम ताई एकटी करत राहिली आणि दोन इंजिनं द्यायला उशीर झाला. बाबा खाली यायचे, चहा प्यायचे, वर जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी स्टुलावरून उठता उठता म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. भांडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो, तेही झालं असतं. पण टायमिंगला हात लावला नसता."

"हो," ताई म्हणाली.

"मीही विचारायला हवं होतं. इतकी वर्षं तू बांधतेस, सहा डिग्री चुकशील कशी. पण बाप आहे ना, मला चूक आधी दिसते."

मग त्यांनी वही मागितली. गॅसचं तोंड किती मापाचं, पेट्रोल कुठलं, प्लग कुठले, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "हिवाळ्यात सहा ठीक. उन्हाळ्यात आठ घे. हवा तापलेली असते." गॅस काढून टाक असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणतील म्हणून ती वाट बघत होती.

तिसऱ्या रविवारी ताई भुंग्याच्या घरी गेली. दार भावजयीने उघडलं. पोरं आत गृहपाठ करत होती. भुंगा मागच्या पडवीत सायकलची साखळी काढून बसला होता. तिला बघून उठला नाही.

"चुकलं माझं," ताई म्हणाली.

तो साखळी पुसत राहिला.

"सगळ्या लोकांसमोर बोलले. तेही चुकलं."

"लोकांचं काही नाही," तो म्हणाला. "तू मला तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. बाबांना एकदा तरी विचारलंस?"

"बाबांवर कसा संशय घेणार?"

"आणि माझ्यावर कसा घेतलास?"

चावी होती, केशकर्तनालयवाला होता, शुक्रवार होते. पण हे सगळं तिने नंतर जमवलं होतं. पहिला संशय त्या ओरखड्याकडे बघता बघताच आला होता, काहीही पुरावा नसताना. भुंगा लहानपणापासून घाईचा, हट्टी. त्याचं नाव तिच्या तोंडी तयारच होतं.

भावजय चहा ठेवून गेली नाही, उंबऱ्यातच थांबली. "सांगा ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "मलाही परवाच सांगितलं."

भुंग्याने साखळी खाली ठेवली. "उजव्या कानाने कमी ऐकू येतंय. वर्षभर झालं. शुक्रवारी दुपारी दवाखान्यात तपासणी असायची. हिला काळजी नको म्हणून सांगितलं नाही, आणि तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीतून उतरवलं असतंस."

"म्हणून ठोका…"

"हो. म्हणून ऐकू आला नाही. खोटं बोलत नव्हतो मी."

ताई पडवीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "उतरवलं असतं, हे खरं आहे."

भुंगा हसला नाही, पण त्याने बाजूचं सामान सरकवून तिला नीट बसायला जागा केली. दोघं चहा प्यायले. निघताना ती म्हणाली, "उद्या येतोस?" तो म्हणाला, "बघतो."

तो आला, पण उद्या नाही, त्यानंतरच्या सोमवारी, आणि तासभर उशिरा. ताईने घड्याळाकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्याने कानात घातलं होतं. शिवाय ताईने इंजिनाला ठोका पकडणारा एक सेन्सर बसवला आणि त्याचा लाल दिवा त्याच्या नजरेसमोर लावला. दिवा लागला की बटण सोडायचं, असं ठरलं. यंत्र लावून गाडी चालवायला हरकत नाही म्हणून डॉक्टरांची सही असलेला कागद त्याने स्वतःहून तिच्यासमोर धरला. तिने तो न वाचताच परत दिला. ते त्याला आवडलं की नाही, हे तिला कळलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शटर उघडं ठेवून तिघं गाडीभोवती जमले. ऊन तापलं होतं, म्हणून बाबांनी ठरवल्याप्रमाणे आठ डिग्री मागे, म्हणजे सव्वीस लावायचं होतं. बोल्ट बाबांनी सैल केला, हात थरथरत असतानाच. ताई गाडीत बसून इंजिन चालवत होती. लाइट भुंग्याच्या हातात होता.

"किती?" बाबांनी ओरडून विचारलं.

"सत्तावीस. जरा मागे. अजून. बस, सव्वीस!"

बाबांनी बोल्ट आवळला. ताईने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

"तू एकदा बघून घे," बाबा तिला म्हणाले. "इतक्या उन्हात मला ती खूण दिसत नाही."

भुंगा लाइट हातात घेऊन तिच्याकडे बघत उभा होता. ताईची मान वाकायला निघालीच होती. वीस वर्षांची सवय होती ती. दुसऱ्याने वाचलेला आकडा तिने आजवर कधीच स्वतः पाहिल्याशिवाय मानला नव्हता. आणि उद्या त्या गाडीत तोच बसणार होता.

"त्याने वाचलाय ना," ती म्हणाली. "लाइट गुंडाळून ठेव रे, वायर तापलेल्या पाइपवर पडतेय."